खाड्याची किंमत

रोग हा दारिद्र्याचा सोबती आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु दारिद्र्य शरीरात नेमके कोणत्या वाटेने शिरते, याचा शोध क्वचितच घेतला जातो. ऊसतोड स्त्रियांच्या बाबतीत ती वाट मजुरीच्या पद्धतीतून जाते.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी तोडीतून फेडावयाची; कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पहाटे फड गाठावयाचा, मोळ्या डोक्यावरून वाहावयाच्या, आणि पालावर ना न्हाणी, ना शौचालय. अशा व्यवस्थेत पाळी, अंगावरून जाणे, बाळंतपण हे सारे कर्जाच्या खात्यावर चढते. मग ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो, आणि शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा नवी उचल घ्यावी लागते.

२०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या शासकीय पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात सुमारे ३ टक्के होते. हा फरक केवळ काही डॉक्टरांच्या लोभाने पडला काय? पुढे या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती आवश्यक ठरली. शस्त्रावर पहारा बसला. खाड्यावर मात्र बसला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती कामगारांच्या लढ्याचे फळ आहे. परंतु वाढलेला दरसुद्धा काम केलेल्या दिवसाचाच असतो. आजारपणाच्या दिवसाला त्यात स्थान नाही.

याला उपाय नाही असे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक व हमाल यांची मंडळाकडे नोंद केली, मजुरीवर लेव्ही बसविली आणि भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय मदतीची सोय केली. मुकादमाच्या वहीत अडकलेल्या कोयत्याला हीच चौकट का मिळू नये? स्त्री व पुरुष यांची स्वतंत्र नोंद, मजुरी ज्याच्या त्याच्या हाती, खाड्यावर बंदी आणि पगारी आजारपणाची रजा, या मागण्या पुढील दरकराराच्या मसुद्यात दराच्या बरोबरीने आल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी फडावर जाऊन प्रथम हाच हिशेब मांडावा: खाड्याचे पैसे वहीत दिसतात, त्याची खरी किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते.