दक्षिण अमेरिकेला जायचे तर मे महिन्यात



गळीत हंगाम संपून शेवटच्या पंधरवड्याचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या भागात लग्नसराई सुरू होते, आणि अलीकडे तिच्या जोडीला सहलींची पत्रकेही फिरू लागतात. एके काळी काशी-रामेश्वर घडले म्हणजे माणूस धन्य होई. मग म्हैसूर-उटी आले, पुढे दुबई-सिंगापूर आले, युरोप आला. आता दक्षिण अमेरिका आली आहे. पत्रकावर माचू पिचूचा डोंगर, इग्वासूचा धबधबा, रिओचा येशूचा पुतळा, बर्फाची शिखरे आणि निळी तळी. सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि जेवण आपल्या पद्धतीचे. खर्च माणशी कित्येक लाख.

या विषयावर सभासदांत दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, "ही चैन आहे, आपलं काम न्हवं." दुसरा म्हणतो, "उभा जन्म सऱ्या ओढण्यात गेला, आता तरी जग बघू दे की!" आमचे मत दुसऱ्या तटाकडे झुकते. सोसायटीचे पीककर्ज फिटले असेल, मुलामुलींची शिक्षणे मार्गी लागली असतील आणि पैसा गाठीशी असेल, तर शेतकऱ्याने जरूर जावे. फक्त दुसऱ्याने ठरवलेल्या तारखांना आणि दुसऱ्याने आखलेल्या वाटेने जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

ही पत्रके मुळात आपल्यासाठी छापलेलीच नाहीत. ती पुण्या-मुंबईच्या नोकरदारांसाठी आहेत. दक्षिण गोलार्धात ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा, म्हणून बऱ्याच सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या दिवसांत आपल्या फडात टोळी उतरलेली असते, तोडीची पाळी कधी येते म्हणून आपण चिटबॉयच्या मागे हिंडत असतो. अशा वेळी घर सोडणार कोण? आणि सोडले तरी पाहायला काय मिळणार? ब्राझीलच्या ज्या मध्य-दक्षिण भागात त्या देशाचा बहुतेक ऊस पिकतो, तिथला हंगाम एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. डिसेंबरात गेलेल्याने बंद गव्हाण पाहून परत यायचे. पेरूच्या डोंगरांत तर डिसेंबर ते मार्च पावसाळा. माचू पिचूला पायी जाण्याची जुनी इंका वाट फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात.

आता मे महिना घ्या. आपला हंगाम उरकलेला, धूळवाफेची भातपेरणी अजून पुढे. ब्राझीलमध्ये कारखान्यांची धुराडी पेटलेली. अँडीजमध्ये पाऊस संपून आभाळ मोकळे झालेले आणि बटाट्याची काढणी चालू. शेतकऱ्याला दक्षिण अमेरिका पाहायची तर याच्यासारखा महिना नाही. अक्षय तृतीयेच्या आसपास निघावे आणि रोहिणी लागायच्या आत घरी यावे. यात एक गोष्ट हुकेल, ती म्हणजे अर्जेंटिना-चिलीच्या दक्षिण टोकाकडची तळी. तिथे मे महिन्यात दिवस लहान आणि गारठा फार. हुकली तर हुकू देत. त्यांच्या बदली टिटिकाका तळे धरावे. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर ३८१२ मीटर उंचीवर ते पसरलेले आहे, आणि त्याच्या काठाला शेती आहे.

मुळात ऊसवाल्याने तिकडे का जावे, असे कोणी विचारील. त्याने आपल्याच तालुक्याकडे पाहावे. गडहिंग्लजचा बाजार मिरचीचा. त्या मिरचीचे मूळ कूळ बोलिव्हियाच्या आसपासचे, आणि आपण लावतो ती जात मेक्सिकोत घडली. आपल्या माळावरचा भुईमूग दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला, अँडीजच्या पायथ्याचा. आजरा-चंदगडचा काजू ब्राझीलचा, तो पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजूने आणला. निपाणीची तंबाखू त्याच खंडातली, आणि बटाटा तर खास अँडीजचा. म्हणजे उसाखेरीज आपल्या घरात पैसा आणणारी निम्मी पिके तिकडून आलेली. हे जिथून आले ते माहेर एकदा बघून यावे, यात चैनीचे काय आहे?

फेड थोडी आपणही केलेली आहे. कोइमतूरच्या केंद्रात पैदा झालेल्या 'को' जाती, त्यांतल्या को २९० आणि को ४१९, ब्राझीलच्या फडांत लावल्या गेल्या. आपली गीर गाय तिकडे इतकी रुजली की तिच्या संकरावर त्यांचा दूधधंदा मोठा झाला. खिल्लार मात्र दिसणार नाही.

पेरूत पत्रकवाले माचू पिचूला नेतातच, आणि ते पाहण्यासारखे आहेच. पंधराव्या शतकातले ते ठिकाण. चुन्याशिवाय बसवलेले दगड, उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेते. (सामानगडावरच्या कातळात खोदलेल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांनी पेरूला जाण्याआधी एक रविवार त्यासाठी काढावा, ही आमची कळकळीची विनंती.) पण शेतकऱ्याचा वेळ आम्ही कुस्कोजवळच्या पिसॅककडे जास्त खर्च करू. तिथे वरच्या अंगाला क्वेचुआ भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांनी मिळून एक 'बटाटा उद्यान' राखले आहे. उद्यान म्हणजे बाग नव्हे. त्यांची स्वतःची, कसती जमीन आहे ती. अँडीजमध्ये बटाट्याच्या चार हजारांवर गावठी जाती आहेत. काळ्या, जांभळ्या, शिंगासारख्या वाकड्या, गाठीगाठींच्या. लिमा शहरात १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, त्यांच्या साठ्यात या जाती जपलेल्या आहेत. गावांतून नाहीशा झालेल्या जातींचे बियाणे या केंद्राने बटाटा उद्यानातल्या गावांना परत दिले, आणि गावे ते सामायिक राखतात. कोणते बी ठेवायचे, कोणते कुठल्या उंचीवर लावायचे, हे बहुतेक घरांत बायका ठरवतात.

हे ऐकून आपल्याला आठवायला हवी ती जवारी संकेश्वरी मिरची. एके काळी तिच्या ढिगांनी आपला बाजार लाल व्हायचा. आज तिचे क्षेत्र आक्रसले आहे, संकरित वाण बोकाळले आहेत, आणि खऱ्या जवारीचे बी कोणाकडे आहे हे विचारत फिरावे लागते. ऊस आला, पाणी आले, कोरडवाहू मिरची मागे पडली. यात दोष द्यायचा तर तो कारखान्यालाही द्यावा लागेल आणि आपल्या सगळ्यांनाही. पण चार-सहा गावांनी मिळून बियाणे राखायचे, हे काम सहकारात मुरलेल्या तालुक्याला अवघड का वाटावे? पिसॅकचे शेतकरी आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

आता ब्राझील. रिओ आणि इग्वासू यांना चार दिवस पुरेत. पुढे साओ पाउलो राज्यात, पिरासिकाबा किंवा रिबेराव प्रेतोच्या बाजूला, किमान तीन दिवस हवेत. हे पत्रकात नसते. तीस जणांचा गट एकत्र गेला तर ते घालून घेता येते. तीस गिऱ्हाइकांना सहलवाला नाही म्हणणार नाही.

तिथे जाऊन नुसते हार्वेस्टर पाहून तोंडात बोट घालू नये. साओ पाउलो राज्याने २००२ साली कायदा करून फड पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि तोड बहुतेक यंत्राने होऊ लागली. पाचट रानातच पडते. आसवनीतले सांडपाणी पातळ करून उसालाच देतात. हे सगळे बरोबर. पण तिकडचे फड शेकडो हेक्टरांचे, बरेचसे कारखान्यांनीच कसलेले. आपल्या हिरण्यकेशीकाठच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते यंत्र वळायचे कुठे? उताराच्या बाबतीतही दबून जाण्याचे कारण नाही. त्यांचा ऊस बहुतांशी पावसावरचा, सरासरी एकरी तीस टनांच्या आसपास. एका लागणीवर ते पाच-सहा तोडी घेतात. आपल्याकडचा चांगला शेतकरी टनेजमध्ये त्यांच्या पुढे आहे, आणि निडव्यापुढे टिकण्यात मागे आहे.

खरे बघण्यासारखे आहे ते काट्यावर. तिकडे शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात आला की वजनाबरोबर त्याचा नमुना काढतात आणि त्यातली मिळू शकणारी साखर मोजतात. बिल त्या मोजणीवर. ज्याच्या उसात साखर जास्त, त्याला टनाला जास्त. दर ठरवण्यासाठी साओ पाउलोत 'कोनसेकाना' नावाचे मंडळ आहे. सरकारने भाव ठरवणे सोडल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते उभे राहिले. त्यात ऊस उत्पादक आणि कारखानदार यांचे प्रतिनिधी बरोबरीने बसतात, आणि साखर व इथेनॉल या दोन्हींच्या विक्रीच्या किमतींवरून उसाचा दर काढण्याचे सूत्र त्यांनी मान्य केलेले आहे.

आपल्याकडे एफआरपी संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसते. १०.२५ टक्के हा पाया. ज्याने आडसाली ऊस पक्व होईपर्यंत राखला तो, आणि ज्याने दहाव्या महिन्यात कोवळा ऊस घातला तो, दोघांना टनाला एकच भाव. "आमच्या उसात साखर जादा असून त्याचा दाम दुसरा खातो," अशी कुरबूर आपल्या पारावर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ब्राझीलची पद्धत इथे जशीच्या तशी चालेल, असे आम्ही म्हणत नाही. लहान तुकड्यांच्या हजारो खेपांचे नमुने काढायचे कोणी, आणि नमुना काढणाऱ्यावर विश्वास ठेवायचा कोणी, हे प्रश्न सोपे नाहीत. उशिरा तोड मिळाल्यामुळे ज्याचा ऊस वाळला, त्याचे काय, हा तर सर्वांत मोठा. पण तो नमुना काढताना उभे राहून पाहिलेले दहा सभासद गावात असतील, तर सर्वसाधारण सभेतल्या चर्चेला वजन येईल. पाहिलेल्याचे बोलणे आणि ऐकिवातले बोलणे यांत फरक असतो.

इथेनॉलचेही तेच. ब्राझीलने १९७५ साली तेलाच्या भडक्यानंतर अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. ऑगस्ट २०२५ पासून तिकडच्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल मिसळतात. आपण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलो. तिकडे त्यातला वाटा ऊस उत्पादकाच्या बिलापर्यंत कसा पोचतो, ते विचारून यावे.

सहकाराच्या माणसाने 'कोपरसुकार'चीही चौकशी करावी. १९५९ साली कारखान्यांची सहकारी संस्था म्हणून ती निघाली, १९६९ साली तिने पिरासिकाबात ऊस संशोधन केंद्र काढले, आणि २००८ साली तिचा साखर-इथेनॉलचा व्यापार कंपनीकडे गेला. काय मिळाले, काय गेले, हे तिथल्या लहान ऊस उत्पादकाच्या तोंडून ऐकण्यासारखे असेल.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलतो. सहल ज्याची त्याने करावी, कारखान्याच्या पैशाने नव्हे. कारखान्याने अभ्यासासाठी शिष्टमंडळ पाठवायचेच ठरवले, तर त्यात पदाधिकाऱ्यांबरोबर दोन साधे सभासद असावेत, आणि परत आल्यावर महिन्याच्या आत लेखी अहवाल याच पत्रिकेत यावा. फोटो नसले तरी चालतील. राज्याच्या कृषी खात्याचीही शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची योजना आहे, खर्चाचा काही भाग शासन उचलते. तालुका कृषी कार्यालयात विचारावे.

आणखी एक. परदेश सहल म्हटली की आपल्याकडे चार मित्र मिळून निघतात. ज्या कारभारणीने ऊस भांगलला, डोक्यावरून वैरण वाहिली, तिला म्हशींची धार काढायला मागे ठेवून नवऱ्याने माचू पिचू बघायचे, हे आम्हाला पटत नाही. पिसॅकच्या बायकांशी बियाण्याचे बोलायला तीच हवी.

प्रकृतीचे थोडे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. कुस्को शहर सुमारे ३४०० मीटर, म्हणजे दुपटीहून वर. तिथे विमानातून उतरल्या उतरल्या धाप लागते, डोके दुखते. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. सहलवाल्याकडून क्रम असा करून घ्यावा: आधी उरुबाम्बाच्या खोऱ्यात मुक्काम, ते कुस्कोपेक्षा खाली आहे; मग कुस्को, आणि टिटिकाका शेवटी. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी आणि दाखला जपून ठेवावा. ब्राझील, पेरूहून येणाऱ्याकडे तो नसेल तर भारतात उतरल्यावर अलग ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी लसीबद्दल वेगळा सल्ला घ्यावा. डोंगरात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे चालतो. पाने मात्र आठवण म्हणून खिशात घालून आणू नयेत. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी दिवाळीपर्यंत आपल्या गटाच्या शेती कार्यालयात नाव द्यावे. पंचवीस-तीस नावे झाली, की दोन-तीन सहल कंपन्यांना बोलावून सर्वांसमक्ष दर मागवता येतील, आणि साओ पाउलोचे तीन दिवस व पिसॅकचा एक दिवस लेखी घालून घेता येईल. पासपोर्ट नसलेल्यांनी तो आत्ताच काढायला टाकावा, कारण नंतर तोडी सुरू झाल्या की कोल्हापूरला हेलपाटे घालायला कुणाला सवड मिळणार नाही.