दात न पाहणारं गिऱ्हाईक



या महिन्यात मुलांच्या परीक्षेच्या तयारीवर लिहायचं ठरवलं होतं. पण घरात जे घडलं ते आधी सांगायला हवं. आपाला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिख दे, पर मेरा नाम नको." म्हणून नाव नाही.

दुल्हेभाई आमच्या भागात लग्नाचे फोटो काढायचे. उदगीर, देवणी, जळकोट, सीमेपलीकडे बीदर, भालकीपर्यंत त्यांना बोलावणं असायचं. दोन वर्षांपूर्वी ते अल्लाहला प्यारे झाले. कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश कपाटात पडून होते. भाची बी.फार्म.ला लागली. वर्षाची फी एक लाख दहा हजार. आपाच्या खात्यात शिलाईकामाचे साठवलेले बासष्ट हजार होते. उरलेली रक्कम कॅमेऱ्यातून उभी करायची असं ठरलं. गावातला एक स्टुडिओवाला पस्तीस हजार देतो म्हणाला. भाचा म्हणाला, ऑनलाइन टाकू, साठ सहज येतील. जाहिरात टाकली. दहा मिनिटांत पहिला निरोप आला.

"मॅडम, कॅमेरा अजून आहे का? मला घ्यायचा आहे. साठ हजार मंजूर."

इथे थोडं थांबते. आमचे अब्बा शेतकरी. लहानपणी मी त्यांच्यासोबत बैलबाजारात गेले आहे. देवणीची जोडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात मोजायचं, मग खुरं बघायचं, मग चार पावलं चालवून बघायचं. नंतर दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा. तासभर घासाघीस व्हायची, तेव्हा कुठे सौदा पटायचा. आपण तर मेथीची जुडी घेतानाही दोन रुपये कमी करून मागतो. आणि हा माणूस साठ हजारांच्या जुन्या कॅमेऱ्याला एकही प्रश्न विचारत नाही! किती फोटो काढून झालेत, लेन्सला बुरशी आहे का, बिल आहे का, काही नाही. नंतर आपाच म्हणाली, "दात न पाहता बैल घेणारा बैल घ्यायला आलेलाच नसतो." पण हे नंतर सुचलं.

त्यानं सांगितलं, मी बीएसएफमध्ये आहे, चाकूरच्या प्रशिक्षण केंद्रात पोस्टिंग आहे, सुट्टी मिळत नाही, माणूस गाडी घेऊन येईल. चाकूरला खरंच बीएसएफचं केंद्र आहे, म्हणून आपाला शंका आली नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. "उनों फौजी हैं, झूट कायकू बोलेंगे," असं ती मला फोनवर म्हणाली होती. मी त्या वेळी सहावीच्या वह्या तपासत होते, "हो हो" म्हणून फोन ठेवला. माझी चूक इथेच झाली. एखाद्या जवानाचं हरवलेलं किंवा कुठून तरी मिळवलेलं ओळखपत्र वापरून फसवणं ही देशभर चाललेली जुनी युक्ती आहे. खऱ्या जवानाचा त्यात काही दोष नसतो, तो बिचारा फुकट बदनाम होतो.

पुढचं ऐका. तो म्हणाला, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, आधी तपासणी करावी लागते. पाच रुपयांचा क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, तुम्हाला दहा येतील. आपानं स्कॅन केलं, पिन टाकला. पाच गेले आणि लगेच दहा आले! विश्वास बसला. मग वीस हजारांचा कोड आला, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत "पैसे मिळवा" असं लिहिलेलं. पुन्हा पिन टाकला, वीस हजार गेले. तिनं घाबरून विचारलं तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "सिस्टिम उलटी झाली मॅडम, आता चाळीसचा कोड पाठवतो, सगळे एकदम परत येतील." सोबत, लवकर करा, साहेब थांबलेत, म्हणून घाई. तो तिसरा कोड स्कॅन करण्याआधी आपानं मला फोन केला. अल्लाहचा शुक्र, की त्या वेळी शाळा सुटली होती.

भगिनींनो, एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देण्यासाठी असतो. क्यूआर स्कॅन करणं म्हणजे देणं. कोडच्या चित्रावर काहीही लिहिता येतं, आपल्या शाळेतली पाचवीची पोरंही मोबाइलवर तसं चित्र करतील. पूर्वी हेच लोक समोरून पैशांची मागणी पाठवायचे आणि माणूस "मंजूर" दाबून बसायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय यूपीआयवर बंद झाली आहे. पण क्यूआर आहेच, लिंक आहे, आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप आहेत. एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. विकणाऱ्याला असलं ॲप घ्यायला लावणारं गिऱ्हाईक दिसलं की बोलणं तिथेच तोडायचं.

आपा दोन दिवस जेवली नाही. तिला पैशांपेक्षा लाज जास्त वाटत होती. "मैं अनपढ़ जैसी फँसी," म्हणत होती. मी तिला दिल्लीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. मुलगी आयआयटीत शिकलेली. तिलाही आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास दिला, मग क्यूआर पाठवला आणि दोन वेळा मिळून चौतीस हजार काढून घेतले. हे ऐकून आपा थोडी हसली. म्हणाली, "मग माझा कॅमेरा सोफ्यापेक्षा बरा."

अशा अनेक टोळ्या राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरच्या मेवात भागातून काम करतात, असं पोलिसांच्या तपासातून वारंवार पुढे आलं आहे. तिकडे या फसवणुकीला "टटलू" म्हणतात. मोबाइल येण्याआधी पितळेची वीट सोन्याची म्हणून विकायचे, तिचंच हे नवं रूप. मूठभर लोकांमुळे तिथल्या कष्टकरी माणसांचं नाव खराब होतं, याचंही वाईट वाटतं.

पैसे गेल्यावर पहिलं काम म्हणजे १९३० या नंबरवर फोन करणं. रडणं, ओरडणं, त्या चोराला शिव्या देणं हे सगळं नंतर. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा नंबर आहे, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. आम्ही पंचवीस मिनिटांत फोन केला. व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, बँकेचं नाव हे विचारतात, ते आधी कागदावर लिहून घ्या. त्यांच्याकडून बँकेला कळतं आणि पैसा पुढे ज्या खात्यात गेला तिथे तो अडवता येतो. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. आपाचे साडेअकरा हजार एका खात्यात अडवले गेले. बाकीचे तोवर निघून गेले होते. अडवलेले पैसे परत मिळवायला आम्हाला पोलीस ठाणे आणि न्यायालय असा कागदांचा रस्ता धरावा लागला, त्यावर आम्ही अजून चालतोच आहोत.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं होतं, की आपणच पिन दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं. पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. ती पोच म्हणून जपून ठेवायची.

आता कॅमेरा कसा विकला ते सांगते, कारण विकायचा तर होताच. फी थांबत नाही.

या वेळी दुल्हेभाईंच्या जुन्या मित्राला सोबत घेतलं, त्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे. त्यांनी कॅमेरा हातात घेताच पहिला प्रश्न केला, "मेमरी कार्डं कुठं आहेत?" मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या कार्डांवर कितीतरी घरांतल्या लग्नांचे, मेहंदीचे, बायकांच्या बैठकीतले फोटो. त्या घरांनी दुल्हेभाईंवर भरवसा ठेवून ते काढू दिले होते. कार्ड "फॉरमॅट" केलं तरी फोटो पुष्कळदा परत काढता येतात. म्हणून आम्ही कार्डं विकलीच नाहीत. लागणारे फोटो त्या त्या घरी पोचते केले आणि कार्डं कात्रीनं कापली. कॅमेरा विकताना कोणाच्या घरातली अमानत विकली जाऊ नये, हे त्या मित्रांनी शिकवलं.

मोबाइल किंवा लॅपटॉप विकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मोबाइलमधून आधी गुगलचं किंवा ॲपलचं खातं बाहेर काढा, पैशांची ॲप बंद करा, सिम काढा, मगच सगळं पुसा. खातं तसंच राहिलं तर घेणाऱ्याचा फोन अडून बसतो आणि भांडण होतं. *#०६# दाबून आयएमईआय नंबर लिहून ठेवा, पण जाहिरातीत तो नंबर किंवा बिलाचा फोटो टाकू नका.

दुसऱ्या जाहिरातीत आम्ही खोट लपवली नाही. मोठ्या लेन्सच्या कडेला बुरशीचा बारीक ठिपका होता, त्याचा जवळून फोटो टाकला. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वरचं कोरडं आणि आतलं ओलं निघालं, हा प्रसंग आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेला आहे. फसवणुकीवर एवढं बोलून आपणच ठिपका झाकायचा, हे बरोबर नाही. आणि व्यवहाराच्या बाजूनं पाहिलं तरी त्या ठिपक्याचा फायदाच झाला. खरं गिऱ्हाईक त्यावरच प्रश्न विचारतं, बाकीचे वाचतही नाहीत. दोघांनी "कॅमेरा आहे का, मंजूर" असं लिहिलं. भाच्यानं उत्तर दिलं, "ठिपक्याबद्दल काय म्हणता?" दोघेही गायब.

बीदरचा एक तरुण फोटोग्राफर मात्र अर्धा तास फोनवर डोकं खात होता. शटर किती वेळा चाललंय, फ्लॅश रिकामा किती वेळात भरतो, बॅटरी मूळ आहे का. आपा वैतागली, मला मात्र बरं वाटलं. दिवसाढवळ्या त्या मित्रांच्या स्टुडिओतच बोलावलं. घरी बोलावलं नाही, आणि तो दहा हजारांचा इसार पाठवतो म्हणाला तोही आधी घेतला नाही. त्यानं पन्नास फोटो काढून पाहिले. बावन्न हजारांवर सौदा पटला.

पैसे देताना तो म्हणाला, "माझ्या मित्राच्या खात्यातून पाठवतो." मनानं तो साधा होता, तरी आम्ही नको म्हटलं. आजकाल असंही होतं, की दुसऱ्याला फसवून मिळवलेला पैसा चोर आपल्या वस्तूची किंमत म्हणून आपल्या खात्यात टाकतो, वस्तू घेऊन जातो, आणि काही दिवसांनी तक्रार आल्यावर आपलंच खातं गोठतं. म्हणून पैसा समोर बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या खात्यातूनच यावा आणि नाव जुळावं. त्यानं स्वतःच्या खात्यातून पाठवले. त्याच्या फोनवरची हिरवी खूण आम्ही मोजली नाही, कारण तसलं चित्र दाखवणारी नकली ॲपही निघाली आहेत. मेसेजवरही थांबलो नाही. आपानं स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहिली, दोनदा पाहिली, मग कॅमेऱ्यावरचा हात काढला.

मग एक साधा कागद केला. तारीख, कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा क्रमांक, रक्कम, ठिपका दाखवून दिल्याची ओळ, दोघांच्या सह्या, स्टुडिओवाल्यांची साक्ष. कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्यावर नाही, देण्याघेण्याच्या लिखापढीवर आहे, हे मी उर्दूच्या तासाला मुलांना दरवर्षी सांगते. घरात वापरायची वेळ पहिल्यांदाच आली. उद्या त्या कॅमेऱ्यानं कुणी काही केलं, तर तो कोणत्या दिवशी आपल्या हातून गेला हे त्या कागदावर आहे. बैलबाजारातली बाजार समितीची पावती तरी दुसरं काय असते?

रमजान लागायच्या आठवडाभर आधी फी भरली. तो मुलगा जाताना कॅमेऱ्याची बॅगही मागत होता. आपा म्हणाली, बॅग सौद्यात नव्हती. त्या बॅगेत आता १९३० च्या तक्रारीची प्रत, बँकेची पोच आणि विक्रीचा कागद ठेवलाय. पुढच्या महिन्यात साडेअकरा हजारांसाठी पुन्हा न्यायालयात जायचं आहे, तेव्हा ती बॅग खांद्याला लावूनच निघणार आहे.