‘टोसी’साठी धावाधाव झाली, पण स्वस्तातलं डेक्सामेथासोन पेशीत नेमकं काय करत होतं?

एप्रिल २०२१ आठवतोय? वसई-विरारपासून मुंबईपर्यंत कोरोना रुग्णांचे नातेवाईक टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन शोधत होते. किंमत सुमारे ४० हजार रुपये आणि मेडिकलमध्ये ते मिळत नव्हतं. त्याच वेळी बहुतेक गंभीर रुग्णांना काही रुपयांचं डेक्सामेथासोन दिलं जात होतं. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

दोन्हींचं काम एकच, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करणं. फरक आहे तो जागेचा.

इंटरल्युकिन-६ हे प्रतिकारशक्तीचा निरोप नेणारं प्रथिन. सोसायटीच्या गेटवर थांबणाऱ्या डिलिव्हरी बॉयसारखं ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं. निरोप आत नेतात ‘स्टॅट’ नावाची प्रथिनं. केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून ती आत शिरतात आणि दाह वाढवणारी जनुकं सुरू करतात. (इंटरफेरॉन-गॅमाच्या बाबतीत तर निरोप्या आणि त्याचा रिसेप्टर स्वतःच केंद्रकात जातात, असं काही संशोधकांना आढळलं आहे.)

टोसिलिझुमॅब गेटवरचा हा एक रिसेप्टर अडवतं. डेक्सामेथासोन थेट पेशीत घुसतं. त्याचा रिसेप्टर आतच असतो. दोघं मिळून केंद्रकात जातात आणि दाहाची अनेक जनुकं एकदम मंदावतात, इंटरल्युकिन-६ चं जनुकसुद्धा.

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटले. टोसिलिझुमॅबमुळे मृत्यूचं प्रमाण ३५ वरून ३१ टक्क्यांवर आलं, तेही बहुतेकांना स्टिरॉइड सुरू असताना. म्हणजे महागडं इंजेक्शन उपयोगी होतं, पण जोडीला. ते मिळालं नाही म्हणून उपचारच झाले नाहीत, ही अनेक घरांना आजही वाटणारी खंत पूर्ण खरी नाही.

मग सगळ्यांनाच सुरुवातीपासून स्टिरॉइड का नाही? कारण पहिल्या दिवसांत हाच निरोप केंद्रकात पोहोचायला हवा असतो. कोरोना विषाणूला हे ‘माहीत’ असावं, इतकी त्याची चाल नेमकी आहे. त्याचं ओआरएफ-६ हे प्रथिन केंद्रकाचं दारच अडवतं आणि विषाणूविरोधी इशारा घेऊन आलेलं ‘स्टॅट-१’ बाहेर अडकतं. अशा वेळी स्टिरॉइड दिलं, तर उरलासुरला प्रतिकारही मंदावू शकतो. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना ‘रिकव्हरी’त काहीच फायदा दिसला नाही. तरीही साध्या तापात स्टिरॉइड घेतलं गेलं. अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टिरॉइडचा असा बेसुमार वापर हे त्या वर्षी महाराष्ट्रात पसरलेल्या म्युकरमायकोसिसचं एक मोठं कारण ठरलं.