मुस्लिम विद्यार्थी मंडळे आणि समाजवाद्यांचे कर्तव्य

धर्माच्या नावाने चालणाऱ्या विद्यार्थी मंडळांना समाजवाद्यांनी साथ द्यावी काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत नवा नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांतल्या इस्लामिक सोसायट्यांचा विषय निघाला की आपले काही पुरोगामी मित्र तत्काळ निकाल देऊन मोकळे होतात. धर्मावर उभी असलेली संघटना ती जातीयवादीच, तिच्याशी आपले काय देणेघेणे, असा त्यांचा सवाल असतो. तो वरकरणी तत्त्वनिष्ठ वाटतो. वस्तुतः त्यामागे तत्त्वापेक्षा वैचारिक आळसच अधिक आहे. कारण ही मंडळे काय करतात आणि राज्यसंस्था त्यांच्याशी कशी वागते, याची चौकशी करण्याची तसदी हे मित्र घेत नाहीत.

या सोसायट्यांचा महासंघ 1963 साली स्थापन झाला. परमुलखात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची सोय पाहणे हे तेव्हा त्याचे मुख्य काम होते. आज सभासदांत तेथेच जन्मलेल्या, कामगार वस्त्यांत वाढलेल्या मुलामुलींचा भरणा मोठा आहे. विद्यार्थी मंडळाची कार्यकारिणी वर्षा-दोन वर्षांत बदलते. अनुभव साचत नाही. म्हणून आसपासच्या शहरांतील मंडळांनी प्रादेशिक पातळीवर एकत्र यावे, नव्या कार्यकर्त्यांना सभा चालवण्याचे, हिशेब ठेवण्याचे, विद्यापीठ प्रशासनाशी वाटाघाटी करण्याचे शिक्षण द्यावे, अशी पद्धत पडली. नमाजासाठी खोली, उपाहारगृहात हलाल अन्न, रमजानात येणाऱ्या परीक्षांचे वेळापत्रक, अनाथ मुलांसाठी निधी ही त्यांची रोजची कामे. यात राज्य उलथवण्याचा कट कोणाला दिसत असेल, तर दोष दृष्टीचा आहे.

परंतु ब्रिटिश राज्यसंस्थेची दृष्टी नेमकी तशीच आहे. 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने 'प्रिव्हेंट' धोरणाची अंमलबजावणी विद्यापीठांवर कायदेशीर कर्तव्य म्हणून लादली. विद्यार्थी 'अतिरेकी' विचारांकडे झुकतो आहे काय, यावर लक्ष ठेवणे हा शिक्षकाच्या नोकरीचा भाग ठरला. यातून काय निपजते, याचा नमुना कायद्यापूर्वीच पुढे आला होता. 2008 साली नॉटिंगहॅम विद्यापीठात दहशतवादावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला, अमेरिकी सरकारच्याच संकेतस्थळावर उपलब्ध असलेला दस्तऐवज बाळगल्यावरून अटक झाली. आरोप न ठेवता त्याला सोडावे लागले आणि 2011 मध्ये पोलिसांनी त्याला 20 हजार पौंड भरपाई दिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील इस्लामिक सोसायटीच्या एका माजी अध्यक्षाने 2009 च्या नाताळात विमान उडवून देण्याचा प्रयत्न केला, हे खरे. तो गुन्हा भयंकरच होता. पण त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र चौकशीला, विद्यार्थिदशेत तेथे तो अतिरेकी बनल्याचा पुरावा आढळला नाही. चौकशीचा अहवाल विस्मरणात गेला. संशय मात्र प्रत्येक सोसायटीच्या दारात कायमचा उभा राहिला.

आता आर्थिक बाजू पाहा. कारण समाजवाद्यांनी तीच आधी पाहायला हवी. 2021 च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये मुस्लिम 6.5 टक्के आहेत आणि त्यांतले सुमारे 40 टक्के सर्वांत वंचित विभागांत राहतात. अशा घरांतली मुले विद्यापीठाच्या पायरीपर्यंत येतात, तेव्हा त्यांच्यापुढे कर्जाचा कागद ठेवला जातो. 1998 साली शिक्षणशुल्क लावले ते कोण्या टोरी सरकारने नव्हे, मजूर पक्षाच्या सरकारने! एक हजार पौंडांचे ते शुल्क 2012 मध्ये इंग्लंडात नऊ हजारांवर गेले आणि कर्जावरील व्याजही वाढले. व्याज निषिद्ध मानणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण सोडावे की श्रद्धा? मुस्लिम विद्यार्थ्यांनी बिनव्याजी पर्यायाची मागणी लावून धरली. 2014 साली सरकारने लोकांची मते मागवली, 2017 च्या कायद्याने अधिकारही घेतला. पण त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली तरी योजना विद्यार्थ्याच्या हाती पडली नाही. पाळत ठेवण्यास जे सरकार तत्पर, ते सवलत देताना असे गोगलगाय होते!

येथे समाजवाद्यांचे खरे काम सुरू होते. व्याजाचा प्रश्न ज्याला धर्माचा वाटतो, त्याला तो वर्गाचाही आहे हे दाखवून द्यायचे. लीड्सच्या मुस्लिम मुलीला जे कर्ज जाचते, तेच न्यूकॅसलच्या खाणकामगाराच्या नातवालाही जाचते. दोघांची सामायिक मागणी मोफत शिक्षणाची आहे. पण जो मुलीच्या मंडळात पाऊलच टाकत नाही, त्याचे म्हणणे ती का ऐकेल?

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अल्पसंख्याक पीडित आहेत, म्हणून त्यांच्या संघटनांतील प्रत्येक रूढीवर पांघरूण घालणे ही साथ नव्हे, ती दया आहे. 2013 मध्ये ब्रिटिश विद्यापीठांच्या संघटनेने बाहेरच्या वक्त्यांच्या सभांत स्त्री-पुरुषांना वेगळे बसवण्यास मुभा देणारे मार्गदर्शन काढले आणि गदारोळ होताच मागे घेतले. त्या प्रसंगी डाव्यांतील काहींनी मौन पाळले. ते चुकले. 1966 साली हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभारले. त्यांची चिकित्सा समाजाच्या आतून आली, समतेच्या आग्रहातून आली. चिकित्सा आणि पाळत यांतला फरक त्यावरून समजून घ्यावा. चिकित्सक समोर येऊन वाद घालतो, पाळत ठेवणारा पाठीमागून नोंद करतो.

हा केवळ परदेशचा प्रश्न समजू नये. मुस्लिमांसह अल्पसंख्याक संशोधकांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने 2022 मध्ये बंद केली. विद्यार्थ्याचा आधार काढायचा आणि तो आपल्या लोकांत आधार शोधू लागला की त्याला फुटीर म्हणायचे, हा न्याय लंडनचा असो वा दिल्लीचा, एकाच जातीचा आहे. आपण त्या विद्यार्थ्याच्या हक्कासाठी त्याच्या बाजूला उभे राहू, आणि तेथे उभे राहूनच त्याच्याशी वादही घालू. दुरून उपदेश करणाऱ्यांना हा अधिकार नाही.