ऊन सर्वांचे, झळ मजुरांची

विदर्भाचा उन्हाळा पूर्वीपासूनच कडक. मग त्यात हवामानबदलाचे नवे ते काय, असा सवाल दरवर्षी वैशाखात ऐकू येतो. सवाल करणारे सर्वस्वी चूक आहेत असे नव्हे. नवतपा विदर्भाला नवा नाही. वाळ्याच्या ताट्या, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, कैरीचे पन्हे ही या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या उन्हाशी केलेली तडजोड आहे. एखाद्या दिवसाचा चढलेला पारा हाही पुरावा नव्हे. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. तो यंत्रातील बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला.

शास्त्र बोलते ते दीर्घकाळच्या सरासरीवरून. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी पटींनी वाढतात. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचे दाणे नीट भरलेच नाहीत आणि मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबविली. भारत व पाकिस्तानातील त्या उष्णतेची शक्यता हवामानबदलाने सुमारे ३० पटींनी वाढविली होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने काढला. तात्पर्य, ऊन जुने आहे, त्याची वाढती तीव्रता नवी आहे. शहरांत सिमेंटचे रस्ते व तोडलेली झाडे तीत भर घालतात, हे खरे. पण मूळ कारण त्याने झाकले जात नाही.

मात्र कारण जागतिक आहे म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, हा युक्तिवाद सोयीचा असला तरी खोटा आहे. ऊन सर्वांवर सारखे पडते. त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यातच येतो आणि मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर ठरते. रोजगार हमीची माती-दगडांची कामेही बहुतांशी उन्हाळ्यातच निघतात आणि तेथेही मोजमापावर दाम मिळतो. सावलीत घालविलेला प्रत्येक तास अशा मजुराच्या कमाईतून वजा होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर उष्णतेचा खर्च काम घेणाऱ्याच्या खातेवहीत न येता मजुराच्या देहावर लिहिला जातो.

अहमदाबादेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे अनेक शहरांनी तो मार्ग धरला. पूर्वसूचना व रुग्णालयांची सज्जता यांचे मोल आहेच. परंतु ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला ज्याला पाळता येतो, त्याला त्याची गरज सर्वांत कमी असते.

शासनव्यवस्थेची दृष्टी तिच्या याद्यांतून दिसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात केंद्राच्या नियमांप्रमाणे आपत्ती निधीस पात्र अशा बारा आपत्ती होत्या. त्यांत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्यांना आपल्या निधीचा दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येई, म्हणजे मजुराचा जीव राज्याच्या मर्जीवर सोडलेला होता.

म्हणून मागणी नेमकी असावी. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी दुपारचे काम बंद राहावे आणि त्या तासांची मजुरी मिळावी. मोजमापाचे दर उन्हाळ्यासाठी वेगळे ठरावेत. प्रत्येक कामावर सावली व पाणी पुरविणे ठेकेदाराच्या करारातच लिहिलेले असावे. उष्माघाताच्या मृत्यूची नोंद त्याच नावाने व्हावी, कारण जो मृत्यू दाखल्यावर नाही त्याची भरपाईही नाही. १९७७ साली याच महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा दुष्काळ हे दैव नसून शासनाचे दायित्व आहे, हे मान्य झाले होते. उन्हाबाबत तीच मान्यता मिळविणे हे गावोगावच्या साथींचे काम आहे आणि त्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून होऊ शकते.