पायाखालचा लेथ

इंग्लंडमध्ये बर्कशायरच्या बकलबरीत जॉर्ज लेली एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत. वर लवचिक दांडा, पायाखाली फळी, मध्ये लाकडाला वेढा घेतलेली दोरी. फळी दाबली की लाकूड हत्याराकडे फिरतं, तेवढ्यातच कातायचं. पाय उचलला की दांडा ते उलटं फिरवतो. अशा अडखळत्या गतीवर, आकडीदार हत्यारांनी, ते एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. केवढी ही नजर! १९५८ मध्ये लेली गेले, परंपरा तुटली. पण लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या संग्रहालयात राहिली. पुढे ती अभ्यासून रॉबिन वुड या कारागिरांनी हे काम पुन्हा सुरू केलं. आपल्याकडे कारागिराच्या वस्तू जपतात, हत्यारं मात्र भंगारात जातात. म्हणून हा अंक हत्यारांवर.