टाळेबंदी उठल्यानंतरचे मृत्यू

लॉकडाऊनमुळे आत्महत्या वाढल्या का, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. लॉकडाऊनवर राग असलेले म्हणतात, कोरोनापेक्षा लॉकडाऊननेच जास्त माणसे मारली. समर्थक म्हणतात, याला काही पुरावा नाही. मला वाटते, दोघेही चुकीच्या महिन्यांकडे बघत आहेत.

जळगावचेच घ्या. ९ नोव्हेंबर २०२०, दिवाळी पाच दिवसांवर आलेली. जळगावच्या एका एसटी वाहकाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत कमी पगार आणि त्यातली अनियमितता यांचा उल्लेख होता. तेव्हा एसटी बंद नव्हती. जिल्ह्याबाहेरची वाहतूकही ऑगस्टमध्येच सुरू झाली होती. गाड्या धावत होत्या, कर्मचारी ड्युटीवर जात होते, फक्त तीन महिन्यांचे पगार झाले नव्हते. या घटनेनंतर तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी थकलेल्यांपैकी एक पगार तातडीने देण्याचे जाहीर केले. म्हणजे पैसा उभा करता येत होता! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये धुळे जिल्ह्यातल्या साक्री आगाराच्या एका चालकाने जीव दिला, तेव्हाही अनियमित पगाराचाच विषय पुढे आला. आत्महत्येला एकच एक कारण नसते, हे मान्य. पण थकलेला पगार हे असे कारण आहे, जे एका सहीने दूर होते.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१८ मध्ये १,३४,५१६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०१९ मध्ये १,३९,१२३ आणि २०२० मध्ये १,५३,०५२. वाढ आधीपासून होतीच, पण साडेचार हजारांची वाढ एकदम चौदा हजारांच्या जवळ गेली. महाराष्ट्राचे आकडे जास्त बोलके आहेत. २०१९ मध्ये १८,९१६, कडक टाळेबंदीच्या २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७. म्हणजे पहिल्या वर्षी साधारण एक हजाराने वाढ, दुसऱ्या वर्षी तेवीसशेने. २०२१ मध्येही दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते, पण २०२० सारखी सगळे ठप्प करणारी बंदी नव्हती. देशात रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ३२,५६३ होत्या, २०२१ मध्ये त्या ४२,००४ झाल्या.

जपानमध्ये आकडे महिन्यागणिक मिळतात, म्हणून तिथे चित्र स्पष्ट दिसले. २०२० च्या फेब्रुवारी ते जून या काळात आत्महत्या सुमारे १४ टक्क्यांनी घटल्या आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात १६ टक्क्यांनी वाढल्या. स्त्रियांमध्ये ही वाढ ३७ टक्के होती. सुरुवातीच्या महिन्यांत तिथल्या सरकारने घरोघर पैसे दिले होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे २०२० चा अहवाल हाती आला तो २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, दुसरी लाट येऊन गेल्यावर. त्यातली शहरांची यादी दहा लाखांवरच्या शहरांची, म्हणजे जळगाव नाही, धुळे नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बिघाड कधी झाला हे नोंदीत नसेल, तर तो का झाला हे आम्हाला सापडत नाही.

हे सगळे उशिरा का घडते, ते धुळ्यात घरून काम करताना मी बघत होतो. माझा पगार दर महिन्याला वेळेवर येत होता. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूमचा आवाज बंद होता, पण एप्रिल-मेमध्ये तिथे एक प्रकारचा निर्धास्तपणाही होता. सगळ्यांचेच बंद, मग लाज कसली? घरमालक गप्प, उधारीवाला किराणा दुकानदार गप्प. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ३१ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली होती. व्याज मात्र चालूच होते. सप्टेंबर उजाडला आणि सगळे एकदम बोलू लागले. मायक्रोफायनान्सचा माणूस, घरमालक, शाळेची फी. धंदा अर्धा आणि देणी दुप्पट. शिवाय आता शेजाऱ्याचे सुरू झालेले असते, आपलेच अडलेले असते. माणूस एकटा पडतो तो इथे.

आपल्या मोहल्ल्यांनीही नेमके उलटे केले. रमजानमध्ये किट वाटली, मजुरांना जेवण दिले, खूप चांगले काम झाले. पण सप्टेंबरमध्ये कमिट्या थंडावल्या. धान्याने पोट भरते, हप्ता भरत नाही. कर्ज-ए-हसनाची, म्हणजे बिनव्याजी उसनवारीची परंपरा आपल्याकडे आहे. तिची खरी वेळ तेव्हा होती. त्यात खुदकुशी हराम एवढे सांगून विषय संपवायची सवय. त्यामुळे ज्याच्या मनात तो विचार येतो, तो कोणाजवळ बोलत नाही, आणि एखाद्या घरात तसे घडलेच तर 'अटॅक आला' असे सांगितले जाते. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे. तो किती मशिदींच्या फलकावर लिहिलेला आहे?

पुढची साथ येईल तेव्हा बंदी किती दिवस यावर भांडण होईलच. ते करावे. पण सोबत बंदी उठल्यानंतरच्या सहा महिन्यांचा हिशेबही सरकारकडे मागायला हवा: पगार कधी, हप्त्यांचे काय, आणि जिल्ह्याचा दर महिन्याचा आकडा कुठे बघायचा. कमिट्यांकडे किटच्या याद्या अजून असतील. त्याच घरांत जाऊन कोणाचे किती देणे थकले आहे, एवढे विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.